टाकीच्या नाकावर गुढी

अकोल्यात माझा सोलर वॉटर हीटरचा धंदा आहे, असं पुण्या-नाशकाच्या पाहुण्याला सांगितलं की तो आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे दयेने पाहतो. ज्या गावात मे महिन्यात नळाखाली हात धरायची हिंमत होत नाही, त्या गावात हा माणूस पाणी तापवायचं यंत्र विकतो. म्हणजे एक तर हा भोळा असावा, नाहीतर याची गिऱ्हाइकं. बायको चहाचा कप पुढे करत शांतपणे म्हणते, "दोन्ही."

तिला हसू द्या. वऱ्हाडातला हिवाळा परगावच्या माणसाने पाहिलेला नसतो. काळ्या मातीला थंडी चढली की पहाटे बादलीतलं पाणी चावतं. पूर्वी त्यावर उपाय एकच होता, परसातला तांब्याचा बंब. आणि बंबाला जळण म्हणजे पऱ्हाट्या. कापूस वेचून झाला की शेतातली वाळलेली झाडं उपटून घरी आणायची, ढीग रचायचा आणि पुढचं वर्षभर एक-एक मोळी बंबाच्या पोटात घालायची. पऱ्हाटी भडकन पेटते आणि भडकन विझते, म्हणून कुणीतरी समोर बसून फुंकत राहावं लागतं. हे कुणीतरी म्हणजे घरातली बाई. मग पाण्यात सोडायचा रॉड आला, गिझर आला, त्यांच्यामागून विजेचं बिल आलं, आणि बिलाच्या मागून मी आलो.

जठारपेठेत माझं छोटं दुकान आहे. या धंद्यात मी जे काही शिकलो ते गिऱ्हाइकांनी शिकवलं. अंजनगाव सुर्जीच्या एका व्यापाऱ्याने फोन केला, की तुमचं सोलर तापत नाही. गेलो तर काचेच्या नळ्यांवर ओल्या कुरडया एका ओळीत वाळत घातलेल्या. उन्हाचंच यंत्र आहे, मग दोन कामं करायला त्याचं काय जातं, असं त्यांचं म्हणणं. भातकुलीला माझी सासुरवाडी आहे. तिथे मी मोठ्या ऐटीत सासऱ्यांच्या छतावर सोलर बसवून दिलं, आणि वर्ष संपायच्या आत त्याच्या नळातून पाण्याऐवजी फुसफुस यायला लागली. तो सगळा खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना बोअरचं पाणी इतकं खारं की तापलं की त्यातला क्षार खडीसाखरेसारखा पाइपात जमतो. सासरे अजून पाहुण्यांना सांगतात, जावयानं फुकट दिलं होतं म्हणून बोललो नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट अकोल्यातच घडली, गुढीपाडव्याला, भर दुपारी. घरी मी ती इतक्यांदा सांगितली आहे की मुलगी मला मधेच दुरुस्त करते. म्हणून आता लिहूनच काढतो.

त्याआधी यंत्र समजून घ्या. छतावर तिरप्या काचेच्या नळ्या, त्यांच्या डोक्यावर आडवी टाकी. नळ्यांत पाणी तापतं, हलकं होतं आणि आपणहून टाकीत चढतं. गार पाणी त्याच्या जागी खाली येतं. दिवसभर हे चालतं. ना मोटर, ना वीज. टाकीच्या माथ्यावर मात्र एक उभा लोखंडी पाइप असतो, माणसाहून उंच, वरचं टोक वाकवलेलं. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, याचं काम काय? मी सांगतो, हे टाकीचं नाक आहे. पाणी तापलं की हवा आणि वाफ इथून बाहेर जाते, पाणी काढलं की हवा इथून आत येते. याला हात लावायचा नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं असं आपण म्हणतो. टाकीचं तोंड कुठे उघडेल ते मात्र सांगता येत नाही.

गावंडे यांच्या घरी हे मी नीट सांगितलं होतं. डाबकी रोडच्या मागच्या बाजूला त्यांचं एकमजली स्लॅबचं घर. सोलर घ्यायला दुकानात आली ती त्यांची सून, वर्षा. एसटीत कंडक्टर. ड्यूटी संपवून खाकी ड्रेसमध्येच आली होती, आणि आवाज असा की माझ्या दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी न सांगता पुढे सरकून जागा केली. तिची ड्यूटी पहिल्या गाडीची. ती उठायच्या आधी सासू उठायची, बंबासमोर बसून फुंकायची आणि दिवसभर खोकायची. "त्याइले नका उठू म्हटलं तर आयकत नाईत," वर्षा म्हणाली. "म्हणून बंबच काढाचा हाय."

बसवायच्या दिवशी सासूबाई, अनसूयाकाकू, परसात पाटावर बसून सगळं पाहत होत्या. सत्तरीच्या, किडकिडीत, नजर सुईसारखी. नळ सोडला, कढत पाणी आलं, मुलगा दिलीप खूश झाला. काकूंनी मला एवढंच विचारलं, "मंग आता मी सकाळी उठून करू काय?" कंपनीच्या छापील पत्रकात हा प्रश्न नव्हता. मी हसलो. नको होतं हसायला.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. पाडव्याला आमचा धंदा जोरात असतो, मुहूर्तावर तीन घरी सोलर सुरू करून द्यायचं होतं. माझा कामवाला सणाला गावी गेलेला. मी स्वतःच्या घरची गुढी उशिराच उभारून, कडुलिंबाचा पाला तोंडात घेऊन, तो गिळायचा की थुंकायचा या विचारात असताना फोन वाजला. वर्षा.

"भाऊ, टाकी गुणगुणून राहिली."

मी म्हटलं, सण आहे, गाऊ द्या. ती हसली नाही. सकाळपासून बारीक आवाज होता, आता वाढला, म्हणाली. मी विचारलं, वरच्या पाइपातून वाफ निघते का?

"तिथं गुढी हाय."

कडुलिंब गिळला गेला. मी पुन्हा विचारलं, पाइपाला बांधली आहे ना? बांधलेली असली तर काही बिघडत नाही.

"बांधली नाई. यायनं वरचा वाकडा तुकडा काढून पाइपात बांबू ठोकला. सुतळी गुंडाळून. पक्का."

मी गाडी काढता काढता तिला तीन गोष्टी सांगितल्या. न्हाणीतला गरम पाण्याचा नळ दुरून काठीने उघडा. नळ्यांवर काहीतरी जाड पांघरा. आणि छतावर कुणी असेल तर आधी खाली आणा.

"आई हाय वर," ती म्हणाली. "थे उतरत नाई."

घर ते डाबकी रोड अंतर फार नाही, पण त्या दिवशी चौकाचौकांत मिरवणुका होत्या. मी मनातल्या मनात हिशेब मांडत होतो आणि तो चुकावा अशी इच्छा करत होतो. नळाचं पाणी आमच्या गावात रोज येत नाही, आणि त्या भागात आलेलंच नव्हतं. म्हणजे वरची गार पाण्याची टाकी रिकामी. सणाच्या आंघोळी पहाटे झालेल्या, म्हणजे सोलरची टाकीही निम्मी. निम्मं पाणी, वर चैत्राचं ऊन. ते दुपारच्या आतच उकळणार. वाफ गार टाकीकडे उलटी जायची, तर त्या वाटेवर पाणी मागे फिरू न देणारा वाल्व. तो मीच बसवतो, सगळेच बसवतात, कारण नाक उघडं असेल तर त्याने काहीच बिघडत नाही. राहिला न्हाणीतला नळ.

दिलीप दारातच भेटला. हा एका जिनिंग फॅक्टरीत फोरमन. माणूस इतका मऊ की बायकोसमोर तिकीट काढून बसल्यासारखा बसतो, पण हातात हातोडा आला की त्याने ठोकलेलं पुन्हा निघत नाही अशी ख्याती. तोंड उतरलेलं. नळ उघडला, पण नुसती फुसफुस येते, म्हणाला. मी न्हाणीत डोकावलो. नळाच्या तोंडातून वाफेचा एक दोरा निघत होता, शिट्टी वाजवत. बाकी सगळा क्षार, नळ नसेल तेव्हा भरलेल्या टँकरच्या खाऱ्या पाण्याचा. सासऱ्यांची आठवण झाली.

जिना चढून छतावर आलो आणि पाहिलं ते आधी सुंदरच वाटलं. निळं भगभगीत आकाश, त्यात पाइपाच्या टोकावरच्या बांबूला हिरवा जरीचा खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, वर पालथा तांब्याचा गडू. सगळ्या वस्तीत एवढी उंच गुढी दुसरी नव्हती. खाली टाकी हं, हं, हं करत होती, पोटात माशा भरल्यासारखी. तिचा बाहेरचा पत्रा फुगून ताठ झाला होता. नळ्या टाकीत शिरतात तिथल्या रबरी कड्यांतून पाणी झिरपत होतं आणि छतावर पडायच्या आत वाळत होतं. आणि नळ्यांच्या पायथ्याशी, पाटावर, डोक्यावर छत्री धरून अनसूयाकाकू बसल्या होत्या. एक हात लांब करून, टाकी ज्यावर उभी असते त्या लोखंडी घोड्यावर ठेवलेला, जसा आजाऱ्याच्या खाटेवर ठेवतात.

बाहेरच्या माणसाला भीती वाटते ती टाकी फुटायची. आम्हाला वाटते ती नळीची. दाब वाढला की एखादी नळी कड्यातून सुटते आणि आतलं उकळतं पाणी समोर जे असेल त्यावर येतं. समोर काकू होत्या.

वर्षाने नळ्यांवर दोन गोधड्या टाकल्या होत्या, तिसरी टाकत होती. मी काकूंना म्हटलं, उठा, जिन्यात बसा, गुढी मी काढून दुसरीकडे उभारून देतो.

"गुढी उतरत नाई," त्या म्हणाल्या. "दिवस बुडाच्या आधी साखर दाखवून उतरवतेत. तुमच्या घरी भर दुपारी उतरवतेत काय?"

मी म्हटलं, टाकी फुटेल.

"फुटू दे. टाकी तुमी बसवली, दुसरी बसवसान. मले हे नाई उतरवाची."

वर्षाने गोधडी खाली टाकली आणि फोनवर जे सांगितलं नव्हतं ते मला बाजूला घेऊन सांगितलं. मागे एका पाडव्याला दुपारी वावटळ आली आणि गुढी पडली. गडू घरंगळत गल्लीत गेला. त्या वर्षी दसऱ्याच्या आत सासरे गेले. त्यानंतर काकूंनी गुढीच उभारू दिली नव्हती. यंदा दिलीपने हट्ट धरला, आई, मी अशी उभारतो की वादळानेही हलणार नाही. छतावर सगळ्यात पक्कं काय, तर माझा पाइप. म्हणून त्याने त्याच्या तोंडात बांबू ठोकला आणि आईला वर बोलावून म्हणाला, हलवून पाहा. काकूंनी हलवून पाहिली. हलली नाही. तेव्हापासून त्या राखण करत बसल्या होत्या.

आता सांगा, मी कुणावर ओरडू?

मी बांबू ओढून पाहिला. वाफेने तो फुगला होता, पाइपातच उगवल्यासारखा. कापला असता तरी बूच आतच राहिलं असतं. गरम पाण्याच्या पाइपाचा जोड सैल करावा म्हणून पाना लावला, तर क्षाराने तो दगड झालेला. जोर केला आणि पाना सटकून माझ्याच गुडघ्यावर बसला. त्या धक्क्याने एका कड्यातून फस्सकन पाणी उडालं. काकूंच्या पाटाच्या कडेपर्यंत आलं. त्यांनी पाय वर घेतले, छत्री पुढे धरली. घोड्यावरचा हात काढला नाही.

खरं सांगतो, त्या क्षणी मला जिना फार जवळचा वाटला. माझ्या धंद्यात शौर्याला जागा नाही. नळी सुटलेली मी एकदाच पाहिली आहे, आणि सुदैवाने तेव्हा तिथे फक्त एक वाळत घातलेली सतरंजी होती. मी वर्षाला हळूच म्हटलं, तुम्ही दोघं काकूंना उचलून खाली न्या.

"उचलता येते," ती म्हणाली. "मंग जिंदगीभर ठेवू कुठं?"

तेव्हा मला शेवटचा उपाय सुचला. बांबू पाइपातून निघत नव्हता, पण पाइप टाकीतून निघाला असता. तो खाली आट्यांवर बसवलेला असतो, फिरवला की सुटतो. गुढीसकट अख्खा पाइप फिरवायचा, वर उचलायचा आणि उभाच धरून ठेवायचा. गुढी उतरणार नाही, फक्त जागा बदलेल. हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी छत्री बाजूला करून पाइपाकडे पाहिलं.

"टेकणार तर नाई?"

"नाही टेकणार."

"धरीन कोन?"

मी तोंड उघडायच्या आत वर्षा पुढे झाली. "मी धरतो. तुमी जिन्यात बसा."

"सोडजो नको."

"नाई सोडत, आई."

काकू उठल्या. इतका वेळ उन्हात बसून पाय आखडले होते, तरी कुणाचा हात घेतला नाही. जिन्याच्या तोंडाशी सावलीत बसल्या आणि छत्री मिटली.

पाइप सुटायच्या आधी जमेल तेवढी वाफ खालून काढायची होती. दिलीपला हाक मारून सांगितलं, न्हाणीच्या खिडकीतून हात घालून तो नळ पूर्ण काढ, समोर उभा राहू नकोस. खालून हातोड्याचा आवाज आला आणि मग भप्पकन असा धमाका, की शेजारच्या छतावर वाळत घातलेल्या साड्यांमागून एक बाई डोकावली. "निघाला," दिलीप ओरडला. टाकीचा आवाज उतरला. हं-हं वरून हुं-हुं वर आला. मी श्वास सोडला, आणि तेवढ्यात खालची वाफ एकदम थांबली. क्षाराचा तुकडा सुटून पुढे कुठेतरी अडकला असणार. टाकीने पुन्हा सूर धरला, आधीपेक्षा वरचा.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी पालथ्या ड्रमवर चढलो, पाइपाला पाना लावला. वर्षाने ओढणी कमरेला खोचली आणि दोन्ही हातांनी पाइप धरला, जसा चालत्या गाडीत दांडा धरते. मी म्हटलं, खाली पाइप तापलेला आहे, वर धरा. ती उंचीने बेताची, तिचे हात पोचत होते तिथेच पोचत होते.

पहिला आटा हलेना. दुसऱ्या झटक्याला हलला. पाइप फिरायला लागला तशी वर गुढीही फिरायला लागली. खण उलगडून वाऱ्यावर आला, गाठी गडूवर आपटून टकटक वाजू लागली. एरवी मला हसू आलं असतं. जिन्यातून काकूंचा आवाज आला, "फिरू दे. पडू देऊ नको." प्रत्येक फेऱ्यागणिक खालून वाफेची एक सुई बाहेर यायची, मी हात मागे घ्यायचो, पुन्हा लावायचो. किती आटे राहिले ते मला कळत नव्हतं. पाइप मीच बसवला होता आणि मीच विसरलो होतो. घाम डोळ्यांत जात होता. खिशात फोन वाजत होता, मुहूर्तवाले.

मग पाना एकदम हलका झाला.

डेपोत गाडी ब्रेकची हवा सोडते तसा आवाज झाला, पण तो थांबला नाही. पांढरी वाफ खांबासारखी वर गेली, पाइपाने उडी घेतली आणि मी ड्रमवरून मागे, नेमका वर्षाने खाली टाकलेल्या गोधडीवर, बुडावर आपटलो. धुरकट वाफेत मला फक्त गडू दिसत होता. तो उजवीकडे कलला. आणखी कलला. मी ओरडलो, सोडा, वर्षाताई, सोडून द्या.

वाफ विरळ झाली. वर्षा दोन पावलं मागे, कठड्याजवळ उभी होती. पाइप तिच्या हातात सरळ. गुढी सरळ. तिचे ओठ दातांखाली दाबलेले. टाकी आता गप्प होती, फक्त नाकाच्या जागी उरलेल्या भोकातून निवांत वाफ सोडत होती, जेवून बसलेल्या माणसासारखी.

मी उठून पाइप घ्यायला गेलो आणि हात लावताच मागे घेतला. खालचा भाग चटका देणारा होता. तिचे दोन्ही तळवे तिथेच होते.

"ठेवा खाली," मी म्हटलं.

"टेकते मंग," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. इतका बारीक तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

दिलीप जिन्यातून धावत आला तेव्हा काकू त्याच्या आधी उठल्या होत्या. सरळ वर्षासमोर गेल्या. तिच्या हातांकडे पाहिलं, मग वर गडूकडे पाहिलं, मग पुन्हा हातांकडे. पदर दोन्ही हातांना गुंडाळला आणि पाइप धरला.

"सोड."

"आई, अजून दिवस..."

"सोड म्हणतो ना. मले दे."

वर्षाने बोटं उघडली. उघडताना तिच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. काकूंनी पाइप क्षणभर उभा धरला, तेवढ्या सत्तरीच्या किडकिडीत बाईने, आणि मग हळूहळू, एका बाजूने, गोधडीवर आडवा केला. दिलीपने पुढे होऊन गडू हातात झेलला. सूर्य अगदी डोक्यावर होता. मला राहवलं नाही. काकू, साखर तरी दाखवायची होती, असं काहीतरी मी बोललो.

"मंग दाखवू. देव कुठं पळून चालला?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, दिलीपकडेही न बघता, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "तवा वाऱ्यानं पडली होती. आज मी उतरवली. पडणं येगळं आन् उतरवणं येगळं."

वर्षा कठड्याला टेकून खाली बसली होती, तळवे आकाशाकडे करून. लालबुंद झाले होते, एकावर फोड धरायला लागला होता. दिलीप म्हणाला, कोरफड आणतो, नाहीतर टूथपेस्ट. मी म्हटलं, गार पाणी, फक्त गार पाणी, खूप वेळ. आणि बोलल्यावर लक्षात आलं की छतावरची टाकी रिकामी आहे, न्हाणीतला नळ काढलेला आहे, आणि गल्लीतला नळ कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही.

"माठ आण," काकूंनी दिलीपला सांगितलं. तो गिलास भरून आणायला वळला तर म्हणाल्या, "गिलास नाई. माठ."

दिलीपने प्यायच्या पाण्याचा माठ दोन्ही हातांत धरून जिना चढून आणला. काकू वर्षासमोर मांडी घालून बसल्या, तिची मनगटं आपल्या गुडघ्यावर घेतली आणि गडूने पाणी ओतायला लागल्या. मघाशी गुढीवर होता तोच गडू, हळदीकुंकवाची बोटं अजून त्यावर होती. बारीक धारेने, एका तळव्यावरून दुसऱ्या तळव्यावर. "सकाळी उठू नका म्हणते मले," त्या पुटपुटत होत्या, "आन् सोताले काई समजत नाई." वर्षा रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. पाणी छतावरून वाहत नळ्यांखाली गेलं आणि तिथल्या तिथे सुकलं.

मी ड्रमवर बसून पाना पुसत होतो. गुडघा ठणकत होता, घसा कोरडा पडला होता, आणि माठात पाणी अजून होतं. मागितलं नाही.